फ्रिगेट युद्धनौका : भारतातील बांधणी व कामगिरी

फ्रिगेट : विनाशिकेहून सामान्यतः लहान व कॉर्व्हेटहून मोठी, स्वतंत्रपणे दीर्घकाळ समुद्रसंचार करू शकणारी युद्धनौका. पाणबुड्यांचा शोध व नाश, व्यापारी जहाजांचे आणि विमानवाहू नौकांसारख्या मोठ्या नौकांचे संरक्षण, टेहळणी व गस्त ही तिची प्रमुख कामे होत. तिच्या आकाराची सर्वमान्य मर्यादा मात्र सांगता येत नाही. १९५० च्या दशकात सु. १,२०० टनांची नौकाही फ्रिगेट म्हणवली जाई. आज ६,००० टनांहून अधिक विस्थापनाच्या नौकांनाही तीच संज्ञा आहे. अमेरिकी नौदलात १९७५ पर्यंत ‘फ्रिगेट’ म्हणजे विनाशिकेहून मोठी नौका असा उलटाच अर्थ रूढ होता. त्या वर्षी झालेल्या फेरवर्गीकरणानंतर ती संज्ञा इतर देशांप्रमाणे संरक्षक नौकांना लागू झाली. त्यामुळे नौकेचे नाव कोणत्या वर्गात आहे यापेक्षा ती कोणत्या कामासाठी बांधली आहे, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

शिडांच्या काळात फ्रिगेट म्हणजे एका मुख्य तोफमजल्याची वेगवान नौका होती. अशा नौका मुंबईच्या गोदीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून बांधल्या जात. वाडिया घराण्यातील कुशल पारशी नौकाबांधकांनी ब्रिटिश नौदलासाठी १८०५ मध्ये साल्सेट ही फ्रिगेट आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी त्रिंकोमाली ही फ्रिगेट पाण्यात सोडली. त्रिंकोमाली मलबारी सागाची असून इंग्लंडमधील हार्टलपूल येथे ती आजही पाण्यावर जतन केलेली आहे. तिच्या बांधणीची एक हकीकत लक्षात ठेवण्याजोगी आहे. तिचे आराखडे घेऊन निघालेली जावा ही ब्रिटिश नौका १८१२ च्या अखेरीस अमेरिकी नौकेशी झालेल्या लढाईत नष्ट झाली आणि नवे आराखडे पोहोचेपर्यंत मुंबईतील काम थांबून राहिले. लाकूड, कारागीर व कौशल्य येथे, पण आराखडा सातासमुद्रापार अशी ही अवस्था होती. दीडशे वर्षांनी पोलादी फ्रिगेटी बांधताना तिचे प्रतिबिंब वेगळ्या रूपात पुन्हा दिसले.

वाफेच्या युगात ही संज्ञा मागे पडली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांपासून अटलांटिकमधील व्यापारी काफिल्यांचे रक्षण करण्यासाठी ब्रिटनला मोठ्या संख्येने संरक्षक नौका लागल्या, तेव्हा त्यांतील मोठ्या प्रकाराला हे जुने नाव पुन्हा देण्यात आले. आधुनिक फ्रिगेटची परंपरा येथून सुरू होते व पाणबुडीविरोधी कार्याशी असलेले तिचे नातेही याच काळातील आहे.

बांधणीचे टप्पे व त्यांच्या तारखा : फ्रिगेटीच्या बांधणीचा माग काढावयाचा तर करार, पहिला पोलादी पत्रा कापणे, तळकणा बसविणे, जलावतरण, सागरी चाचण्या, नौदलाकडे सुपूर्ती आणि सेवेत समावेश अशा क्रमाने येणाऱ्या तारखा हे मुख्य साधन होय. या तारखा जाहीर समारंभांच्या असल्यामुळे सहज उपलब्ध होतात. परंतु त्यांचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. जलावतरणाच्या दिवशी नारळ फुटतो, ध्वज फडकतो आणि नौका तयार झाली अशी प्रेक्षकांची समजूत होते. वस्तुतः त्या वेळी पाण्यात उतरते ते बहुतांशी नौकेचे कवच. एंजिने, जनित्रे, शेकडो किलोमीटर लांबीच्या तारा, नळ, रडार, सोनार, तोफा व क्षेपणास्त्रे यांची जुळणी आणि त्या सर्वांना परस्परांशी बोलते करणे हे काम त्यानंतर धक्क्याला बांधलेल्या नौकेवर चालते. तळकण्याची तारीखही आता पूर्वीइतकी बोलकी राहिलेली नाही. पूर्वी तळकण्यापासून नौका वर चढत जाई; आता ती मोठमोठ्या खंडांत वेगवेगळ्या कार्यशाळांत तयार होते आणि पहिला खंड धक्क्यावर ठेवला की तळकणा बसला असे मानतात.

म्हणून जलावतरण ते सेवेत समावेश यांमधील अंतर हे गोदीच्या, किंबहुना देशाच्या, औद्योगिक क्षमतेचे अधिक विश्वसनीय माप आहे. भारतीय फ्रिगेटींच्या बाबतीत हे अंतर काळाच्या ओघात सरळ कमी होत गेले नाही. ते मध्येच दुपटीपर्यंत वाढले आणि अलीकडे पुन्हा घटले. त्याची कारणे पुढील इतिहासात आढळतात.

ब्रिटिश नौका व १९७१ चे युद्ध : स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या आधुनिक फ्रिगेटी भारताने ब्रिटनकडून घेतल्या. १९५८ ते १९६० या काळात अशा आठ नौका मिळाल्या. ब्रह्मपुत्र, बेटवा व बियास या विमानविरोधी. तलवार व त्रिशूल या पाणबुडीविरोधी. आणि खुकरी, कृपाण व कुठार या त्याच कामासाठीच्या परंतु लहान व स्वस्त नौका होत्या. शेवटचा प्रकार ब्रिटनने युद्धकाळात झटपट व मोठ्या संख्येने बांधता यावा म्हणून आखला होता. या नौका एकाच मळसूत्री पंख्यावर चालत.

१९७१ च्या युद्धात या नौकांचे बळ व त्यांच्या मर्यादा दोन्ही एका दिवसाच्या अंतराने दिसून आल्या. ८ डिसेंबरच्या रात्री तलवार व त्रिशूल यांच्या सोबतीने गेलेल्या विनाश या क्षेपणास्त्र नौकेने कराचीवर यशस्वी हल्ला केला. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर या फ्रेंच बनावटीच्या पाणबुडीने खुकरी बुडविली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडण्याचे नाकारले व ते नौकेबरोबर गेले. १८ अधिकारी व १७६ नौसैनिक या घटनेत मृत्युमुखी पडले. पाणबुडीचा शोध घेण्यासाठीच पाठविलेली नौका पाणबुडीच्या पाणतीराला बळी पडावी, यात नशिबाचा भाग किती होता हे बाजूला ठेवले तरी तंत्राचा भाग स्पष्ट आहे. १९५० च्या दशकातील सोनारला जेवढ्या अंतरावरून पाणबुडी सापडे, त्याहून अधिक अंतरावरून नव्या पाणबुडीला ती नौका ऐकू येत होती.

त्याच रात्री मुंबईत माझगाव गोदीच्या धक्क्याला एक नवी फ्रिगेट उभी होती. तिचे जलावतरण होऊन तीन वर्षे उलटली होती. पण ती अद्याप युद्धनौका झालेली नव्हती.

लिअँडर प्रकल्प : ही नौका नीलगिरी होय. सरकारने १९६० मध्ये माझगाव गोदी ताब्यात घेतली, तेव्हा जहाजदुरुस्ती हे तिचे मुख्य काम होते. त्यानंतर ब्रिटिश नौदलातील लिअँडर वर्गाच्या आराखड्यावरून मुंबईत फ्रिगेटी बांधण्याचे ठरले आणि व्हिकर्स व यारो या ब्रिटिश कंपन्यांशी सहकार्य करार झाला. गोदीची सुधारणा आणि नौकेची बांधणी ही दोन्ही कामे बरोबरच चालली. १५ ऑक्टोबर १९६६ रोजी नीलगिरीचा तळकणा बसला. २३ ऑक्टोबर १९६८ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या उपस्थितीत तिचे जलावतरण झाले आणि ३ जून १९७२ रोजी ती सेवेत आली. कवचाला दोन वर्षे आणि आतील जुळणीला तीन वर्षे सात महिने असा हा हिशेब पडतो. जोडकाम, पत्र्याला आकार देणे इ. कामे मुंबईच्या कामगारांनी लवकर आत्मसात केली; परंतु टरबाइने, रडार, तोफनियंत्रण यंत्रे ही परदेशांतून यावयाची होती आणि त्यांच्या जुळणीचा अनुभव येथे कोणालाच नव्हता.

सु. ३,००० टन विस्थापन, सु. ११३ मी. लांबी व ३०,००० अश्वशक्तीची वाफेची टरबाइने असलेल्या या वर्गाच्या सहा नौका माझगावने बांधल्या. नीलगिरीनंतर हिमगिरी (१९७४), उदयगिरी (१९७६), दुनागिरी (१९७७), तारागिरी (१९८०) व विंध्यगिरी (१९८१) या सेवेत आल्या. सहा नौका एकाच साच्याच्या आहेत असे यादीवरून वाटते; पण प्रत्यक्षात प्रत्येक नौकेत मूळ ब्रिटिश आराखड्यापासून काही ना काही फारकत आहे. परदेशी यंत्रांच्या जागी देशी यंत्रे येत गेली. शेवटच्या दोन नौकांत तर मागील भागाची फेररचना करून, मूळच्या लहान हेलिकॉप्टरच्या जागी सी किंग हे जड पाणबुडीविरोधी हेलिकॉप्टर बसविण्यात आले. स्वतःचे बुडवे सोनार व पाणतीर घेऊन दूरवर जाणारे हे हेलिकॉप्टर म्हणजे खुकरीच्या अनुभवाला मिळालेले तांत्रिक उत्तर होते. सहाव्या नौकेपर्यंत येताना नौदलाचा आराखडा विभाग दुसऱ्याचे रेखाचित्र वाचण्यापासून ते बदलण्यापर्यंत पोहोचला होता.

गोदावरी वर्ग : पुढची पायरी स्वतःचे रेखाचित्र काढण्याची होती. नौदलाच्या आराखडा संचालनालयाने लिअँडरचा पाया घेऊन सु. १२६ मी. लांबीची व पूर्ण भारासह सु. ३,८५० टनांची नौका आखली. तिच्यात एकाऐवजी दोन सी किंग हेलिकॉप्टरे, सोव्हिएट बनावटीची नौकाविरोधी व विमानविरोधी क्षेपणास्त्रे, पाश्चात्त्य व भारतीय इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आणि लिअँडरचीच ३०,००० अश्वशक्तीची एंजिने यांचा मेळ घालावयाचा होता. हे मिश्रण कागदावर जितके सोपे वाटते तितकेच प्रत्यक्षात अवघड असते. सोव्हिएट यंत्राला लागणारा विद्युत्‌प्रवाह, त्याच्या जोडण्या, त्याच्या रडारची तरंगलांबी यांपैकी काहीही शेजारच्या पाश्चात्त्य यंत्राशी जुळत नाही आणि एकाचा निर्माता दुसऱ्याला माहिती देत नाही. ती जुळणी करणारा तिसरा पक्ष म्हणजे भारतीय नौदल. गोदावरीचा तळकणा २ जून १९७८ रोजी बसला, १५ मे १९८० रोजी जलावतरण झाले व १० डिसेंबर १९८३ रोजी ती सेवेत आली. जलावतरणानंतरचा काळ नीलगिरीइतकाच, ४३ महिन्यांचा होता. नौका मात्र मोठी व कितीतरी अधिक गुंतागुंतीची होती. जुन्याच एंजिनांवर तिने २७ नॉटचा वेग गाठला, याचे श्रेय नौकेच्या तळाच्या सुधारित आकाराला द्यावे लागेल. भारतीय युद्धनौकाबांधणीच्या इतिहासात नीलगिरीला मान अधिक मिळतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो गोदावरीला मिळावयास हवा. गंगा (१९८५) व गोमती (१९८८) या तिच्या भगिनी नौका होत.

लांबलेली बांधणी : यानंतरच्या काळात गती मंदावली. सुधारित गोदावरी वर्गाचे काम कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीकडे देण्यात आले. त्यातील पहिल्या ब्रह्मपुत्रचा तळकणा १९८९ मध्ये बसला, जलावतरण जानेवारी १९९४ मध्ये झाले आणि ती १४ एप्रिल २००० रोजी सेवेत आली. तिच्यासाठी योजिलेले त्रिशूल हे देशी विमानवेधी क्षेपणास्त्र अपेक्षेप्रमाणे सिद्ध झाले नाही व अखेर इझ्राएलच्या बराक क्षेपणास्त्राचा आधार घ्यावा लागला. १९९० च्या सुमाराची आर्थिक ओढाताण आणि सोव्हिएट संघाचे विघटन यांचीही त्यात भर पडली. बेटवा व बियास या नौका अनुक्रमे २००४ व २००५ मध्ये आल्या.

माझगावमधील शिवालिक वर्गाची कथाही फार निराळी नाही. सु. १४२ मी. लांबीच्या, ६,२०० टनांच्या आणि रडारला कमी दिसावी अशा तिरकस बाजूंच्या या नौकांत वाफेची जागा वायुटरबाइन व डीझेल एंजिनांनी घेतली. शिवालिकचे जलावतरण एप्रिल २००३ मध्ये झाले, पण ती २९ एप्रिल २०१० रोजी सेवेत आली. म्हणजे हे अंतर सात वर्षांचे झाले. आरंभीच विशिष्ट प्रकारचे पोलाद रशियाकडून वेळेवर मिळाले नाही. या अडचणीतून एक लाभ झाला. डीएमआर २४९ए हे नौकाबांधणीचे पोलाद संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केले व स्टील ऑथॉरिटी ऑफ इंडियाने त्याचे उत्पादन सुरू केले. सातपुडा (२०११) व सह्याद्री (२०१२) या पुढील दोन नौकांनाही जलावतरणानंतर सात वर्षांहून अधिक काळ लागला.

देशातील बांधणी अशी रेंगाळत असता लिअँडर नौका निवृत्त होऊ लागल्या होत्या. पोकळी भरून काढण्यासाठी १९९७ मध्ये रशियाशी तीन फ्रिगेटींचा करार झाला. सेंट पीटर्झबर्ग येथे मार्च १९९९ मध्ये तळकणा बसलेली तलवार १८ जून २००३ रोजी, म्हणजे सव्वाचार वर्षांत, सेवेत आली. विमानवेधी क्षेपणास्त्रयंत्रणेतील दोषांमुळे तीही नियोजित वेळेपेक्षा उशिराच मिळाली होती. त्रिशूल (२००३), तबर (२००४) आणि दुसऱ्या तुकडीतील तेग, तर्कश (२०१२) व त्रिकंड (२०१३) या नौका मिळून हा वर्ग सहा नौकांचा झाला.

नवा नीलगिरी वर्ग : २०१५ मध्ये सु. ४५,००० कोटी रुपये खर्चाच्या सात फ्रिगेटींचे करार झाले. चार माझगावने व तीन गार्डन रीचने बांधावयाच्या होत्या. निवृत्त झालेल्या सहाही लिअँडर नौकांची नावे त्यांना दिली असून महेंद्रगिरी हे सातवे नाव नवे आहे. सु. १४९ मी. लांबीच्या व ६,६७० टनांच्या या नौका खंडशः बांधल्या जातात. प्रत्येक खंडात नळ, तारा व यंत्रांची बैठक आधीच बसवून मग खंड जोडतात. त्यामुळे १९६८ चे जलावतरण आणि २०१९ चे जलावतरण या दोन घटना एका मापाने मोजता येत नाहीत. तरीही नव्या नीलगिरीला २८ सप्टेंबर २०१९ च्या जलावतरणापासून डिसेंबर २०२४ मधील सुपूर्तीपर्यंत ६३ महिने लागले. यात महासाथीचा काळही आला. उदयगिरीला मे २०२२ पासून जुलै २०२५ पर्यंत ३७ महिने पुरले. नीलगिरी १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत, तर माझगावची उदयगिरी व गार्डन रीचची हिमगिरी या दोन्ही २६ ऑगस्ट २०२५ रोजी विशाखापटनम्‌ येथे सेवेत दाखल झाल्या. या वर्गात सु. ७५% भाग देशी असल्याचे अधिकृतपणे सांगितले जाते. उरलेल्या भागात मुख्य वायुटरबाइने येतात, ही गोष्ट टक्केवारीत दिसत नाही. ती मूळची अमेरिकी रचनेची आहेत. पोलाद, आराखडा, सोनार, ब्राह्मोससारखी क्षेपणास्त्रे यांबाबत बराच पल्ला गाठला असला, तरी एंजिनाबाबत नौकेचे हृदय अद्याप उसने आहे.

तैनाती व कामगिरी : फ्रिगेटीच्या आयुष्यात लढाईचे दिवस थोडे आणि इतर कामांचे दिवस फार असतात. नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवमधील उठावानंतर ओलिसांना घेऊन पळालेल्या प्रोग्रेस लाइट या जहाजाचा पाठलाग करून गोदावरी व बेटवा यांनी ते थांबविले. २००६ मध्ये लेबाननमधून नागरिकांना बाहेर काढण्याच्या कामात ब्रह्मपुत्र व बेटवा, २०१५ मध्ये येमेनमधील तशाच कामात तर्कश, तर २०२३ मध्ये सूदानच्या वेळी तेग व तर्कश या नौका होत्या. एडनच्या आखातात २००८ च्या अखेरीस भारतीय नौदलाची चाचेविरोधी गस्त सुरू झाली, तेव्हा तेथे तबर होती. ११ नोव्हेंबर रोजी तिने जग अर्णव या भारतीय व्यापारी जहाजावरील हल्ला परतविला. आठवड्याभरानंतर चाच्यांची मातृनौका समजून तिने एक नौका बुडविली. गोळीबार चाच्यांच्या बाजूने सुरू झाला असला, तरी ते जहाज चाच्यांनी पळविलेली थायलंडची मासेमारी नौका होती व तिच्यावर ओलीस खलाशी होते, हे नंतर उघड झाले. दूरच्या समुद्रात रात्रीच्या वेळी निर्णय घ्यावा लागणाऱ्या कप्तानापुढे कोणते प्रश्न असतात, याचे हे गंभीर उदाहरण आहे.

नौदलाच्या यादीतील संख्या आणि समुद्रावरील संख्या एक नसते. एक नौका दूरच्या गस्तीवर ठेवावयाची तर दुसरी जाण्या-येण्यात वा सरावात व तिसरी दुरुस्तीत असे साधारण प्रमाण धरावे लागते. शिवाय बंदरही सर्वस्वी सुरक्षित नसते. विंध्यगिरीला जानेवारी २०११ मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी मालवाहू जहाजाची धडक बसून आग लागली व ती धक्क्याला बुडाली. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईच्या सुक्या गोदीत बेटवा कलंडून दोन नौसैनिकांचा मृत्यू झाला. ती पुढे उभी करून दुरुस्त करण्यात आली. जुलै २०२४ मध्ये ब्रह्मपुत्रला मुंबईतच दुरुस्तीच्या काळात आग लागली व एका नौसैनिकाला प्राण गमवावे लागले. १९७१ नंतर भारतीय फ्रिगेटींची मोठी हानी झाली ती शत्रूच्या हातून नव्हे, तर बंदरात व गोदीत. नव्या नौकांच्या समारंभांइतके लक्ष जुन्या नौकांच्या देखभालीकडे जात नाही, अशी तक्रार नौकाबांधणीच्या वर्तुळात पुष्कळदा ऐकू येते. ती अनाठायी म्हणता येणार नाही.

गोव्यातील बांधणी : रशियन तलवार वर्गाच्या आणखी चार नौकांसाठी नंतर झालेल्या करारांनुसार दोन नौका कालीनिनग्राड येथे पूर्ण करून घेण्यात आल्या. त्यांपैकी तुशील ९ डिसेंबर २०२४ रोजी व तमाल १ जुलै २०२५ रोजी सेवेत आली. परदेशी गोदीतून घेतलेली ही शेवटची युद्धनौका असेल, असे तमालविषयी सांगण्यात आले. उरलेल्या दोन नौका गोवा शिपयार्डकडे सोपविण्यात आल्या असून, तोवर गस्तीनौकांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गोदीचा फ्रिगेटबांधणीतील हा पहिलाच अनुभव आहे. त्रिपुटचे जलावतरण २३ जुलै २०२४ रोजी व तवस्याचे २२ मार्च २०२५ रोजी झाले. या वर्गाची वायुटरबाइने युक्रेनची आहेत. २०१४ नंतर रशिया व युक्रेन यांच्यातील संबंध तुटल्याने ती भारताला स्वतंत्रपणे मिळवून गोदीला पुरवावी लागली. रशियन आराखड्याच्या कवचात युक्रेनी एंजिन, भारतीय सोनार आणि भारत-रशिया सहकार्यातून निर्माण झालेले ब्राह्मोस यांची जुळणी या नौकांवर करावयाची असून, त्या कामाचा काळ जलावतरणाच्या दिवसापासूनच मोजावा लागेल.